थायरॉईडची स्लाईड आणि तीन महिन्यांची बेगमी

काचपट्टी

परवा भाचीचा फोन आला. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. म्हणाली, "मावशी, हिस्टॉलॉजीच्या प्रॅक्टिकलला थायरॉईडची स्लाईड बघताक्षणी ओळखली. पण सर म्हणाले, ओळखलीस ते ठीक, आता ही ग्रंथी अशी का दिसते ते सांग. मी गप्प!" त्या 'अशी का दिसते'वरून हा धागा.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. मेडिकल कॉलेजच्या पॅथॉलॉजीत टेक्निशियन होते. ३१ वर्षं ब्लॉक (मेणात बसवलेले ऊतकाचे तुकडे) कापले, स्लाईडी रंगवल्या आणि सर शिकवत असताना मागे उभं राहून ऐकलं. चुकलं तर इथल्या डॉक्टरमंडळींनी खुशाल कान धरावा.

थायरॉईड म्हणजे आमच्या दृष्टीने जरा खोडसाळ ऊतक. आतला कोलॉईड, म्हणजे चिकट रस, मेणात बसला की ठिसूळ होतो. ब्लॉक बर्फावर नीट गार केला नाही, पातं जरा बोथट असलं, की त्याला तडे जातात आणि स्लाईडवर खिडकीच्या झडपांसारख्या समांतर रेघा उठतात. पाच मायक्रॉनची ती रिबन कोमट पाण्यावर सोडताना मी श्वास धरून असायचे. नंतर हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन हे दोन रंग. केंद्रकं निळी-जांभळी, बाकी सगळं गुलाबी.

आता मायक्रोस्कोपला डोळा लावा, खालच्या पॉवरवर. गुलाबी तळी दिसतील. गोल, लांबट, लहानमोठी, एकमेकांना खेटलेली, आणि प्रत्येक तळ्याला पेशींचा एकेरी काठ. हे फॉलिकल, पाठ्यपुस्तकी मराठीत पुटिका. प्रत्यक्षात ती तळी नसून चेंडू असतात. आपण चेंडू मधून कापतो म्हणून तळं दिसतं. पातं चेंडूच्या अगदी कडेवरून गेलं तर नुसता पेशींचा पुंजका दिसतो, आत कोलॉईडचा पत्ताच नाही. लिंबाची टोकाची चकती कापली की नुसती साल हाती येते, तसं. नवीन मुलं तिथे हमखास फसतात. एका चेंडूचा व्यास साधारण मिलिमीटरचा पाचवा भाग, मोठा असला तर १ मिलिमीटरच्या घरात. सगळी ग्रंथी मिळून वजन १५ ते २५ ग्रॅम.

चेंडूंच्या मधल्या फटींत केशवाहिन्या असतात, प्रत्येकाभोवती टोपली विणावी तशा. इतका रक्तपुरवठा कशाला, ते पुढे कळेल.

तर भाचीच्या सरांचा प्रश्न. ही तळी आहेतच कशाला?

बाकीच्या अंतःस्रावी ग्रंथी आपला माल पेशीच्या आत छोट्या पुड्या बांधून ठेवतात, नाहीतर लागेल तसा ताजा बनवतात. पेशीबाहेर कोठार बांधून माल भरून ठेवण्याचा उद्योग एवढ्या मोठ्या प्रमाणावर एकटी थायरॉईड करते. आमच्या आजोळी मे महिना संपता संपता कणगी भरायचे, माळ्यावर सुकट, आमसुलं, फणसाची साठं जायची. पावसाळ्याची बेगमी. ही ग्रंथी तेच करते. कोलॉईड म्हणजे तिची कणगी, आणि धडधाकट माणसाच्या थायरॉईडमध्ये साधारण दोन-तीन महिने पुरेल इतकं हॉर्मोन पडून असतं. मला विचाराल तर यात शहाणपण आहे. आयोडीन हा तिचा कच्चा माल, आणि तो रोजच्या ताटात येईलच याची हमी कोणी दिलीय?

कणगी भरते कशी? पेशीला दोन बाजू आहेत, रक्ताकडची आणि तळ्याकडची. रक्ताकडच्या बाजूला पंप. दोन सोडियम आत येताना एका आयोडाईडला हाताला धरून आणतात. या पंपामुळे पेशीत आयोडाईड रक्तातल्यापेक्षा वीस ते चाळीस पट साठतं. मग ते तळ्याकडच्या काठाने बाहेर पडतं. त्या वाटेवरच्या प्रथिनाचं नाव पेंड्रिन. तोवर पेशीने थायरोग्लोब्युलिन नावाचं अवाढव्य प्रथिन तळ्यात सोडलेलंच असतं. सुमारे ५,५०० अमिनो आम्लांचा हा रेणू, आणि आपण ज्याला कोलॉईड म्हणतो तो मुख्यतः हाच. काठावर थायरॉईड पेरॉक्सिडेज नावाचं एन्झाईम हायड्रोजन पेरॉक्साईड वापरून (जखमेवर ओतल्यावर फेस येतो तेच) या प्रथिनातल्या टायरोसिनवर आयोडीन टाचतं. एक टाचलं तर एमआयटी, दोन टाचली तर डीआयटी. डीआयटीच्या जोडीचं टी४ होतं, डीआयटी आणि एमआयटीचं टी३. हीच थायरॉईडची हॉर्मोनं. एवढ्या मोठ्या धुडातून टी४ मिळतात ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पण तेही अजून मोकळे नाहीत, प्रथिनाला शिवलेलेच. कणसातले दाणे जसे.

मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरीचा टीएसएच, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारा निरोप, आला की मळणी सुरू. काठावरच्या पेशी तळ्यात हात घालून कोलॉईडचे घोट घेतात, आत नेऊन पचवतात, टी४ आणि थोडं टी३ रक्तात सोडतात. न जुळलेल्या एमआयटी-डीआयटीवरचं आयोडीन काढून पुन्हा वापरायला ठेवतात. एक कण वाया घालवत नाहीत.

आणि हे सगळं स्लाईडवर वाचता येतं. ग्रंथी निवांत असेल तर काठाच्या पेशी चपट्या, तळं काठोकाठ आणि गडद गुलाबी. कामाला जुंपलेली असेल तर पेशी उंच, कोलॉईड फिका, आणि त्याच्या कडेला अर्धगोल खाचा, उंदराने भाकरी कुरतडावी तशा. ग्रेव्हजच्या आजारात, म्हणजे अंगातलीच प्रतिपिंडं टीएसएचचं सोंग घेऊन ग्रंथीला झोडपत असतात तेव्हा, या खाचा इतक्या सुरेख दिसतात की स्लाईड ठेवून द्यावीशी वाटते. पेशंटची छाती धडधडत असते आणि आम्ही म्हणतो सुरेख!

---

दिवेलागण

काय लिहिलंय ताई! नऊ वर्षं थायरॉईडची गोळी घेतेय, पण आत कणगी आहे हे आज कळलं. म्हणजे गोळी एखाददुसरा दिवस विसरली तरी काही होत नाही ते यामुळेच ना?

काचपट्टी

नाही हो, इथेच घोटाळा होतो. गोळीतलं टी४ परत कणगीत जात नाही. तळ्यात माल भरायचा तर तो थायरोग्लोब्युलिनवरच घडवावा लागतो, बाहेरून आणून ओतता येत नाही. तुमचं निभावतं ते रक्तातल्या साठ्यावर. पुढचं डॉक्टर सांगतील.

साखरझोप (एन्डोक्रायनॉलॉजिस्ट)

बरोबर. रक्तातलं टी४ जवळजवळ सगळं प्रथिनांना चिकटून फिरतं, मोकळं असतं ते शंभरातल्या एका भागाहूनही फार कमी. त्यामुळे ते हळूहळू संपतं. अर्धं व्हायला साधारण ७ दिवस लागतात. डोस बदलल्यावर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच करा म्हणतो ते याचसाठी. दहाव्या दिवशी रिपोर्ट घेऊन येणाऱ्यांना मी चहा पाजून परत पाठवतो.

काचपट्टीताई, एक पुरवणी. ग्रंथी सोडते ते मुख्यतः टी४. अंगात खरं काम करणारं टी३ बहुतांशी ग्रंथीबाहेर, यकृत-मूत्रपिंड वगैरे ठिकाणी टी४मधलं एक आयोडीन काढून तयार होतं. म्हणून गोळीत नुसतं टी४ दिलं तरी भागतं.

दिवेलागण

चहावरून आठवलं. गोळीनंतर अर्धा तास चहा नाही हे आमच्या घरातलं सगळ्यात जाचक पथ्य. सासूबाई गोळी उशाखाली ठेवतात, पहाटे पाचला जाग आली की गिळतात आणि परत झोपतात. म्हणतात, चहाचा उपास कोण करणार.

साखरझोप

सासूबाईंना माझा दंडवत. फक्त लोहाची आणि कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत नको, चार तासांचं अंतर ठेवा. ती टी४ला आतड्यातच अडवतात.

ठाण्याची_अनु

माझी गोष्ट या कणगीतच बसते बहुतेक. बाळ तीन महिन्यांचं असताना माझी छाती धडधडायला लागली, हात थरथरायचे, वजन उतरलं. सगळे म्हणाले जागरणं. तपासलं तर टी४ जास्त, टीएसएच जवळजवळ शून्य. एका ठिकाणी लगेच हॉर्मोन कमी करायची गोळी लिहून दिली. दुसऱ्या डॉक्टरबाई म्हणाल्या थांबू या. दोनेक महिन्यांत उलटंच झालं. टीएसएच २८, म्हणजे हॉर्मोन कमी, केस गळतायत, अंग जड. आधी जास्त आणि मग कमी, हे कसं काय?

काचपट्टी

तुमची कणगी फुटली होती. बाळंतपणानंतर काहीजणींत लिम्फोसाईट, म्हणजे आपल्याच पांढऱ्या पेशी, ग्रंथीवर चाल करून जातात. चेंडूंच्या भिंती फुटतात आणि आतला साठवलेला माल रक्तात सांडतो. कारखाना जोरात चाललेला नसतो, गोदाम गळत असतं. साठा सांडून संपला, भिंती अजून दुरुस्त व्हायच्या, म्हणून मग टंचाई. बेगमी करणाऱ्या ग्रंथीलाच हा आजार असा दोन अंकी नाटकासारखा होऊ शकतो.

साखरझोप

नेमकं. कार्बिमाझोल, म्हणजे ती हॉर्मोन कमी करायची गोळी, पेरॉक्सिडेजला अडवतं, म्हणजे नवीन माल बनणं थांबतं. सांडलेल्या मालावर त्याचा काही उपयोग नाही, म्हणून तुमच्या डॉक्टरबाईंनी थांबायला सांगितलं ते योग्य. अशा वेळी धडधडीपुरतं औषध पुरतं. आणि ग्रेव्हजमध्ये तीच गोळी चालते, पण गुण यायला कित्येक आठवडे लागतात. कारण तेच, आधीची कणगी रिकामी व्हावी लागते. पेशंट आठव्या दिवशी वैतागून विचारतात, आता त्यांना या धाग्याची लिंक देईन.

अनु, बऱ्याचजणींची ग्रंथी वर्षभरात पूर्ववत होते, पण काहींची पुढे कायमची मंदावते. दरवर्षी टीएसएच करत जा.

पिंपळपान

आणि ज्यांना गोळी जन्मभर घ्यावी लागते त्यांच्या स्लाईडवर काय दिसतं? बायकोला हाशिमोटो सांगितलंय. नाव ऐकून आधी वाटलं जपानी गाडीबिडी आहे.

काचपट्टी

जपानीच. हाकारू हाशिमोटो नावाचे सर्जन होते, १९१२ साली त्यांनी चार बायकांच्या ग्रंथींचं वर्णन जर्मन नियतकालिकात छापलं. स्लाईड अशी दिसते: गुलाबी तळी आटलेली, बारकी बारकी, आणि मधल्या जागेत निळ्या लिम्फोसाईटचे थवेच्या थवे. ते जागोजागी गोल वस्त्या करतात, मध्ये फिकट, कडेला गडद. पहिल्यांदा ही स्लाईड रंगवली तेव्हा मला वाटलं चुकून लिम्फ नोडचा ब्लॉक कापला की काय, नंबर तीनदा ताडून पाहिला. उरलेल्या काठाच्या पेशी फुगून दाणेदार, भडक गुलाबी होतात, त्यांना हर्थल पेशी म्हणतात. जिथे तळीच बुजली तिथे माल बनवणार कोण? म्हणून गोळी.

पिंपळपान

चित्र डोळ्यापुढे उभं राहिलं. बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणाली "म्हणजे माझीच माणसं माझ्यावर उलटली, नवीन काय त्यात."

खारवट

आमच्याकडे मिठागरं आहेत, लहानपणापासून खडेमीठच खातो. समुद्राच्या मिठात नैसर्गिक आयोडीन असतं, मग पाकिटातल्या मिठाची सक्ती कशाला? आणि उपासाला शेंदेलोण तर उत्तमच.

काचपट्टी

हा समज फार पक्का आहे आणि चुकीचा आहे. समुद्रात आयोडीन आहे, पण मीठ बनताना त्यातलं फारच थोडं मिठात उरतं. मासळीत मिळतं, मिठात नाही. शेंदेलोणाचीही तीच गत. आठवड्याचे दोन उपास शेंदेलोणावर काढायला हरकत नाही, पण बाराही महिने घरात तेवढंच मीठ असेल तर विचार करा. विशेषतः घरात गरोदर बाई असेल तर. पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ याच हॉर्मोनवर असते, आणि पहिले तीनेक महिने ते सगळं आईकडूनच येतं.

साखरझोप

यात आपल्या देशाचं एक मोठं काम आहे, ते सांगायलाच हवं. हिमालयाच्या पायथ्याला गलगंड गावोगाव होता, कारण बर्फ आणि पावसाने तिथल्या मातीतलं आयोडीन धुऊन नेलेलं. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये कांगडा खोऱ्यात अभ्यास सुरू केला. खोऱ्याचे तीन विभाग पाडले, दोघांना आयोडीन घातलेलं मीठ, एकाला साधं. काही वर्षांत आयोडीनवाल्या विभागांत गलगंड स्पष्ट कमी झाला. त्याच्याच जोरावर १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम आला. आज कारखान्यातच मिठात आयोडीन घालतात, घरी पोचेपर्यंत दर दशलक्ष भागांत निदान १५ भाग उरावं अशा बेताने. मोठ्या माणसाची गरज दिवसाला १५० मायक्रोग्रॅम. जन्मभराचं एकत्र केलं तरी चहाचा एक चमचाही भरणार नाही.

काचपट्टी

आणि गलगंडाची स्लाईड! ती तर कणगीची शोकांतिका. आयोडीन नाही म्हणून हॉर्मोन कमी, म्हणून टीएसएच वाढतो, म्हणून पेशी वाढतात, तळी वाढतात. मधूनच आयोडीन मिळालं की तळी कोलॉईडने तट्ट फुगतात, काठ कागदासारखा पातळ. हे चक्र वर्षानुवर्षं. गाठ टेबलावर कापली की आतून मधासारखा चकचकीत, चिकट रस दिसतो. सुरी धुवायला वेळ लागायचा.

खारवट

बरं, हरलो. आईला सांगतो. ती ऐकणार नाही ते वेगळं.

पॅरामसकर

इथे न्यू जर्सीत माझा टीएसएच अचानक फार कमी आला, टी४ जास्त. त्रास काहीच नाही. केसांसाठी बायोटिन घेते, एवढाच बदल.

साखरझोप

तेच कारण असू शकतं. काही तपासण्यांच्या रसायनातच बायोटिनची जोडी वापरलेली असते, त्यामुळे आकडे खोटे येतात. तुमच्या डॉक्टरना सांगा, दोन-तीन दिवस बंद ठेवून परत तपासा. तोवर कोणतीही गोळी बदलू नका.

तांबडीमाती

ताई, जरा वेगळा विषय. आईच्या गळ्यात डावीकडे गाठ, साडेतीन सेंटीमीटर. एफएनएसी (सुईने पेशी काढून तपासणी) केली. रिपोर्ट आला 'फॉलिक्युलर निओप्लाझम, बेथेस्डा ४', म्हणजे फॉलिकलच्या पेशींची गाठ, प्रतवारीत चौथा वर्ग. सर्जन म्हणतात अर्धी ग्रंथी काढू, मग कळेल कॅन्सर आहे की नाही. घरात सगळे भडकलेत. सुई घालून तपासलं, पैसे भरले, तरी कळत नाही म्हणजे काय? काका म्हणतात ऑपरेशनसाठी गिऱ्हाईक पाहिजे त्यांना.

काचपट्टी

काकांचा राग समजतो, पण यात सर्जनची लबाडी दिसत नाही. मायक्रोस्कोपचीच मर्यादा आहे. नीट सांगते.

सुईत येतात त्या सुट्या पेशी. थायरॉईडचे काही कॅन्सर सुट्या पेशींवरूनही ओळखता येतात. पॅपिलरीच्या केंद्रकांना खाचा असतात, कॉफीच्या बीसारख्या. पण फॉलिक्युलर प्रकारात साध्या गाठीच्या आणि कॅन्सरच्या पेशी सारख्याच दिसतात. अगदी जुळ्या बहिणी. फरक पेशींत नाहीच, त्या काय करतायत त्यात आहे. अशा गाठीभोवती तंतूंचं कवच असतं. पेशी कवचाच्या आत गुमान बसल्या असतील तर साधी गाठ, ॲडेनोमा. कवच फोडून बाहेर आल्या असतील किंवा कवचातल्या रक्तवाहिनीत शिरल्या असतील तर कॅन्सर. गडी कुंपण ओलांडून गेला का, हे कुंपण बघितल्याशिवाय कसं सांगणार? आणि सुईत कुंपण येत नाही.

म्हणून गाठ अख्खी काढून तिचं कवच सगळीकडून तपासावं लागतं. आमच्याकडे अशी गाठ आली की मॅडम म्हणायच्या, कवच एक इंचही सोडायचं नाही, सगळं ब्लॉकमध्ये घ्या. मी कंटाळायचे, खरं सांगते, एका गाठीचे पंधरा-पंधरा ब्लॉक. पण एकदा तेराव्या ब्लॉकमध्ये रक्तवाहिनीत शिरलेला पेशींचा बोळा सापडला. आधीच्या बारांत काही म्हणजे काही नव्हतं. त्यानंतर नाही कंटाळले.

साखरझोप

सहमत. या वर्गातल्या बहुसंख्य गाठी शेवटी साध्या निघतात, हेही आईंना सांगा. आणि अर्धी ग्रंथी ठेवली तर पुष्कळदा गोळीही लागत नाही, उरलेली बाजू काम उचलते.

तांबडीमाती

काकांना जुळ्या बहिणींचं उदाहरण दिलं. ते स्वतः जुळे आहेत. गप्प झाले.

पिंपळपान

हाहाहा. आईंना शुभेच्छा, कळवत राहा.

---

तांबडीमाती

धागा वर काढतोय. ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले. दोन दिवस आवाज बसला होता, आता ठीक. काल रिपोर्ट आला, फॉलिक्युलर ॲडेनोमा. 'कवच अखंड, रक्तवाहिन्यांत शिरकाव नाही' असं लिहिलंय. रिपोर्टमध्ये गाठीशेजारच्या ग्रंथीबद्दलही एक ओळ आहे, 'नॉर्मल फॉलिकल्स विथ कोलॉईड'. आईला म्हटलं, तुझी कणगी भरलेली आहे. ती म्हणाली, मग आता तांदूळ तरी निवडू दे मला, किती दिवस नुसतं बसवून ठेवणार.

काचपट्टी

किती ब्लॉक घेतलेत ते लिहिलंय का?

तांबडीमाती

थांबा बघतो. चौदा.

काचपट्टी

मग कोणीतरी नीट बसून कापलेत. निवडू द्या तांदूळ.